उसनं म्हणजे कर्ज नाय

बोईसरच्या बाजारात कांदे निवडत होतो, तेव्हा नितीनचा फोन आला. "काका, आई गेली." एवढंच बोलला. मी हातातला कांदा परत ढिगात ठेवला. कांदेवाला म्हणाला, "चाचा, लेना है कि नहीं?" मी म्हटलं, "नहीं लेना," आणि रिक्षा स्टँडकडे चालायला लागलो. पालघरच्या दवाखान्यातून हिरूवहिनीला नवापूरला आणेपर्यंत ऊन कलायला लागलं होतं. तिच्या घराचं दार मीच उघडलं. आत सगळं जागच्या जागी होतं... चुलीजवळ धुऊन पालथी घातलेली भांडी, दोरीवर वाळलेलं लुगडं. दवाखान्यात जाताना मला म्हणाली होती, "दोन दिसांत येते. रोज दार उघडत जा. बंद घर बरं दिसत नाय." तिच्या आयुष्याची शेवटची सगळी वर्षं याच एका गोष्टीत गेली, की हे दार बंद होऊ द्यायचं नाही, आणि ते उघडं ठेवायला कोणापुढे हात पसरायचा नाही. ती गेली त्याला आता महिना उलटला. मी चौथीपर्यंत शाळेत गेलेला माणूस, लिहायची सवय नाही. पण तिच्याबद्दल दुसरं कोणी लिहिणार नाही, आणि लिहिलं तर चुकीचं लिहील, म्हणून मीच लिहितो.

हिरूवहिनी म्हणजे माझ्या चुलतभावाची बायको. माझ्याहून थोडी मोठी. आमची घरं एकाच आळीत, मध्ये फक्त एक विहीर. भाऊ होता तोवर त्यांची होडी होती. मी तरुणपणीच समुद्र सोडून कुंभवलीच्या बाजूला एका कापडाच्या कारखान्यात लागलो आणि तिथेच म्हातारा झालो. भाऊ गेला, होडी विकली. नितीन त्यांचा एकुलता एक. शिकला, कंपनीत सुपरवायझर झाला, बोईसरला फ्लॅट घेतला. पोरगा चांगला आहे, हे आधीच सांगून ठेवतो. सून तर त्याहून चांगली. दोघंही म्हणायचे, आई, आता इकडेच ये. वहिनी जायची, चार दिवस राहायची आणि पाचव्या दिवशी सकाळी पिशवी घेऊन इथे आळीत हजर. मी विचारायचो, "काय गं, इतक्यात?" तर म्हणायची, "तिथं वारा नाय, ऊन नाय. अजून दोन दिस ऱ्हायली असती तर मी वास मारायला लागली असती, भिजक्या बोंबलासारकी."

भाऊ गेल्यावर पहिल्याच वर्षी घराची कौलं बदलायची वेळ आली. वहिनीने कोणाला न सांगता हातातल्या पाटल्या सोनाराकडे ठेवल्या आणि पैसे उचलले. व्याज चढत गेलं, शेवटी सोनाराने नितीनलाच फोन केला. नितीनने पाटल्या सोडवल्या, आईच्या हातात घातल्या, आणि मग ओसरीवर बसून एवढा मोठा माणूस रडला. "आई, तुला पैसे लागले तेव्हा मी मेलो होतो का?" त्याच बैठकीत त्याने अट घातली. तू इथे एकटी राहा, माझं काही म्हणणं नाही. पण ज्या दिवशी तू कोणाचं कर्ज काढलंस, दुकानात उधारी ठेवलीस असं माझ्या कानावर येईल, त्या दिवशी या घराला कुलूप आणि तू बोईसरला. वहिनी म्हणाली, "कर्ज नाय काडणार. उधारी नाय करणार. बस?" नितीन म्हणाला, मग मी महिन्याला थोडे पैसे पाठवत जाईन. त्यावर मात्र ती उठूनच उभी राहिली. "तू पैसे द्यायला लागलास की घर तुजं झालं. मग तू उठ म्हणशील तेवा मला उठायला लागंल." मी तिथे साक्षीला बसलो होतो. आईलेकराचा सौदा एवढाच... आणि तो तिने शेवटपर्यंत पाळला.

आता एकट्या बाईची कमाई ती काय असणार. बंदरावरून ओले बोंबील, जवळा, करंदी आणायची, अंगणात वाळवायची, आणि टोपली डोक्यावर घेऊन कुंभवलीला कामगारांच्या खोल्यांवर विकायची. बिहारी, ओरिया, बंगाली पोरं तिची गिऱ्हाइकं. "मौसी, आज क्या लाया?" "जवला हय. एकदम सुका हय. दात लगाव तो आवाज आता हय." तिचं हिंदी ऐकायला मी एकदोनदा मुद्दाम तिच्याबरोबर गेलो आहे. ती पोरं पगार होईपर्यंत उधार मागायची. वहिनी उधार घ्यायची नाही, पण द्यायची. द्यायच्या आधी त्या पोराच्या पायाकडे बघायची. "नवा चप्पल लिया? और मौसी का पैसा नै दिया?" पोरगं लाजून खिशात हात घालायचं. पैसे हातात आले की त्यातले थोडे मिठामिरचीला आणि बाकीचे पुन्हा मासळीत. घरात रोकड अशी ठेवायचीच नाही. मी विचारलं तर म्हणाली, "पैसे ठेवले तर मी खर्च करीन. बोंबील किती खाईन?" पावसाळ्यात होड्या बंद असल्या की सुक्या मासळीला भाव चढतो, तेव्हा पत्र्याच्या डब्यांतून तिची पुंजी बाहेर निघायची.

चूल दिवसातून एकदाच पेटायची. सकाळचाच भात दोन्ही वेळा. चहा कोरा, त्यात अंगणातली गवती चहाची पात. दूध का घेत नाहीस, तर म्हणे, "दूध आणलं की कुणीतरी दूध पिणारं दारात येतं." तिन्हीसांजेला एकच बल्ब लावायची, तोही बाहेर ओसरीवर. आत काय आहे ते मला पाठ आहे, म्हणायची. असं सगळं धरून ओढून तिचं वर्ष निघायचं. पण गणपती गेले की दिवाळीपर्यंतचे दिवस वाईट. जुना माल संपलेला, नवा अजून नीट वाळत नाही. त्या दिवसांत काय करायचं? कर्ज नाही, उधारी नाही, पोराचे पैसे नाहीत... या प्रश्नाचं तिचं उत्तर मला कळलं ते माझी बायको गेल्यावर.

बायको गेली तेव्हा मला संसारातलं काही येत नव्हतं. दोघी मुली आपापल्या घरी, एक वसईला, एक डहाणूला. त्यांना मी ठणकावून सांगितलं होतं, माझं मी बघेन. भाजी किलोने आणायचो, अर्धी कुजायची. तेलाची पिशवी फोडायचो, कधी संपली ते कळायचं नाही. कंपनीची पेन्शन ती केवढी, महिना अर्ध्यावर आला की माझे हात रिकामे. कोणाला सांगणं शक्य नव्हतं, मी तसला माणूस नाही. चहा-बिस्किटांवर दिवस काढायचो आणि बाहेर ओसरीवर दात कोरत बसायचो. अशाच एका सकाळी वहिनी वाटी घेऊन दारात आली. "भावजी, वाटीभर साकर उसनी द्या." साखर तेवढी होती माझ्याकडे, चहापत्ती संपलेली असल्यामुळे. मी वाटी भरून दिली. तिने उभ्या उभ्याच माझ्या घरातले डबे बघून घेतले असणार.

दोन दिवसांनी ती वाटी परत घेऊन आली. साखर वर डोंगरासारखी शिगोशीग भरलेली, आणि बरोबर टोपात बोंबलाचं कालवण. ती गेल्यावर मी वाटीवरून बोट फिरवलं, वरची साखर कागदात बांधली आणि तिच्याकडे गेलो. तिने विचारलं, "हे काय?" "तुझी जास्तीची साखर. मी सपाट वाटी दिली होती." "आणि कालवण?" "ते खाल्लं." ते परत करता येत नव्हतं. वहिनी कपाळाला हात लावून बसली. "भावजी, तुमी कारखान्यात काट्यावर होता काय? उसनं सपाट नाय करायचं. सपाट केलं की संपलं. माणूस मेल्यावर करतात सपाट. आता उद्या मी कुठल्या तोंडानं यायचं तुमच्याकडं?" मी म्हटलं, "नको येऊस." तर म्हणाली, "मी नाय येत. तुमी कसे येणार?" तिने कागदातली साखर आपल्या डब्यात ओतली. "ही आता तुमची माज्याकडं ऱ्हायली. घ्यायला या."

तेव्हापासून ते सुरू झालं. तिच्या वाईट दिवसांत माझ्याकडून तांदूळ, तेल, सरपण भिजलं की गॅसची टाकी तिच्याकडे जायची, माझ्या महिनाअखेरीला तिच्याकडून सुकट, कालवण, भाकरी यायची. तिचं छप्पर मी शाकारायचो, माझ्या सदऱ्यांची बटणं ती लावायची. परत करताना थोडं जास्त करायचं नाहीतर थोडं कमी, बरोबर कधीच नाही. भांडं रिकामं पाठवायचं नाही, घरात काहीच नसलं तर दोन मिरच्या तरी. रोख रक्कम मात्र तिने एकदाही घेतली नाही. पैशाला ती कर्जच म्हणायची, आणि कर्ज नाही असा तिचा शब्द होता. आळीत थोडी कुजबुज झाली, या दोघांचं काय चाललंय म्हणून. मी चिडलो. वहिनी म्हणाली, "या वयात बदनामी मिळते ती फुकट मिळते, घ्या की भावजी." एकदा तिच्या ब्लडप्रेशरच्या गोळ्या संपल्या आणि आणायला पैसे नव्हते. मी पैसे पुढे केले, तिने हात मागे घेतला. दोघांना एकाच डॉक्टरने एकच गोळी दिलेली. मी माझं पाकीट तिच्यापुढे ठेवलं. "गोळ्या उसन्या घे. माझ्या संपल्या की तू दे." यावर तिने विचार केला आणि पाकीट घेतलं. पुढे त्या गोळ्या किती वेळा इकडून तिकडे गेल्या, देवाला ठाऊक.

मीच एकदा तिला कोळगावला नव्या जिल्हा कचेरीत घेऊन गेलो होतो. म्हटलं, एकट्या बाईला सरकारकडून महिन्याला काहीतरी मिळतं, ते तर कर्ज नाही. खिडकीवरची मुलगी भली होती. आजी आजी करत तिने सगळी माहिती विचारली आणि मग म्हणाली, "आजी, तुमचा निराधार म्हणून अर्ज लिहिते हं." वहिनीने विचारलं, "कोन निराधार?" "तुम्ही." "मी? बाय, माजं घर हाय. पोरगा हाय, सून हाय. हे बघ दीर बरोबर आलाय." ती मुलगी म्हणाली, "आजी, तो नुसता शब्द आहे." वहिनी म्हणाली, "शब्द हाय म्हणून तर," आणि माझ्या हाताला धरून बाहेर आली. परतीच्या रिक्षाचं भाडं मी दिलं. त्याबद्दल दुसऱ्या दिवशी अंगणातली पपई आली.

ज्या दिवसाला ती इतकी वर्षं भीत होती तो दिवस एका रविवारी आला. बाजारात कोणीतरी सुनेला सांगितलं, की तुमच्या सासूबाई वाटी घेऊन घरोघर मागतात. नितीन रिक्षा करून आला आणि रिक्षा दारात उभीच ठेवली. बायको बरोबर. मी वहिनीच्या ओसरीवर कौलं पुसत बसलो होतो. तो सरळ आत गेला आणि चुलीशेजारची टाकी बघितली. तिच्यावर मी लाल रंगाने माझं नाव घातलं होतं.

"आई, ही टाकी कोणाची?"

"भावजींची."

"म्हणजे तू उधारी करतेस."

"उधार नाय. उसनी हाय."

"एकच ते!"

"एक कसं? उधार दुकानात असतं, कर्ज सोनाराकडं असतं. तुजी बायको शेजारणीकडून विरजन आणते, ते काय कर्ज काडते?"

सून तोंडाला पदर लावून वळली. पण नितीन हसला नाही. त्याचा चेहरा तसाच, त्या पाटल्यांच्या दिवसासारखा. म्हणाला, "आई, शब्दांत नको पकडू. लोक मला बोलतात. पिशवी भर." वहिनी जागची हलली नाही, पण तिचा हात दाराच्या चौकटीवर गेला. तेवढ्यात नितीन माझ्याकडे वळला. "काका, तुम्ही खोटं बोलत नाही. तुम्ही सांगा. आईकडे तुमचं किती निघतं? निघत असेल तर ती आज माझ्याबरोबर येईल."

वहिनीने माझ्याकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर बरं झालं असतं. मी आठवायला लागलो. एक टाकी, हे खरं. पण ती टाकी देण्याआधी पावसाळाभर मी तिची सुकट खाल्ली होती. त्याआधी मी तिचे तांदूळ भरले होते, त्याआधी तिने माझ्या धाकट्या मुलीच्या बाळंतपणाला डिंकाचे लाडू केले होते. मी म्हटलं, "गोळ्यांचं एक पाकीट माझं तिच्याकडे आहे." वहिनी फणकारली, "खोटं! पाकीट तुमच्याकडं हाय." "तुझ्याकडे." "गणपतीत दिलं की तुमाला." "ते आधीचं." "आधीचं मी नारळी पुनवेला फेडलं, म्हातारे झालात तुमी!" आम्ही भांडायला लागलो. बाहेरून रिक्षावाला ओरडला, "साहेब, वेटिंग लागंल!" नितीन म्हणाला, "अहो पण सगळं मिळून काढा ना, कोणाचं कोणाकडे?"

मग मी खरं तेच बोललो. म्हटलं, "सगळं मिळून काढलं तर तिचंच माझ्याकडे निघतं. तुझी काकी गेली त्या वर्षी मी जो जगलो तो हिच्या घरच्या जेवणावर. हात न पसरता जगलो, कारण दर वेळी काहीतरी मागायला हीच माझ्या दारात यायची. ते मी कुठल्या वाटीने मोजून देऊ, तू सांग." नितीन बाहेर गेला आणि रिक्षावाल्याचे पैसे देऊन त्याला पाठवून दिलं. सुनेने विचारलं, "आई, चहा टाकू?" वहिनी चौकटीवरचा हात काढत म्हणाली, "टाक. दूध नाय पण."

त्यानंतर ती याच घरात राहिली, दम लागायला लागला तरी. टोपली हलकी झाली, मग कुंभवलीला जाणं बंद झालं आणि ती कामगार पोरंच सुट्टीच्या दिवशी सायकलवरून नवापूरला यायला लागली. पालघरच्या दवाखान्यात मी तिला भेटलो ते शेवटचं. नाकाला नळी होती, तरी मला बघून म्हणाली, "टाकी माज्याकडंच हाय." मी म्हटलं, "राहू दे गं." "ऱ्हाऊ दे कसं... आल्यावर बघू."

आमच्याकडे बाराव्याला मुलगा जमलेल्या लोकांना विचारतो, गेलेल्या माणसाकडे कोणाचं काही देणं असेल तर सांगा. नितीनने हात जोडून विचारलं. कोणी काही बोललं नाही, दुकानवालाही नाही. कुठल्याच दुकानात तिचं नाव नव्हतं. मीही गप्प बसलो. लोक गेल्यावर नितीन माझ्याजवळ आला, हातात घडी केलेल्या नोटा. "काका, टाकीचे तरी घ्या. आईला मोकळं होऊ दे." रीतीला धरूनच बोलत होता तो. मी म्हटलं, "नाही." "का?" "फिटलं की संपलं रे." त्याने नोटा खिशात ठेवल्या आणि त्याच खिशातून नवं कुलूप काढलं. दार ओढून घेतलं, कोयंड्यात घातलं... आणि किल्ली फिरवायच्या आधी तसाच उभा राहिला.

मी त्याला म्हटलं, "नितीन, हे अंगण मला उसनं देशील?"

"कशाला काका?"

"बोंबील वाळवायला."

"तुम्हाला येतं?"

"नाही."

त्याने कुलूप कोयंड्यातून काढून माझ्या हातावर ठेवलं. विचारलं, "आणि परत कधी देणार?" मी म्हटलं, "उसनं आहे. बघू." त्यावर आईसारखाच नाकातून हसला आणि डोळे पुसत रिक्षात बसला.

आता मी रोज सकाळी वहिनीचं घर उघडतो, केर काढतो आणि अंगणात जातो. तिथे तिची वलांडी आहे, म्हणजे बांबू रोवून आडव्या दोऱ्या बांधलेल्या, ज्यावर बोंबील टांगतात. या गुरुवारी पहिल्यांदाच बंदरावरून थोडे ओले बोंबील घेऊन आलो. जन्म कोळ्याचा, पण हे काम बायकांचं म्हणून कधी केलं नाही. हातातून सटकत होते. एकेक धरून दोरीवर टाकत होतो आणि एकेक खाली मातीत पडत होता. शेजारची काशी पाणी भरायला विहिरीवर आली होती. कळशी ठेवून कमरेवर हात देऊन बघत राहिली, आणि मग तिला राहवेना.

"अवो काका, एकेक काय टांगताय? एकटा बोंबील ऱ्हातो काय दोरीवर? दोन घ्या. एकाचं तोंड दुसऱ्याच्या तोंडात अडकवा, मग टाका. हिरूकाकीनं काय शिकिवलं नाय काय तुमाला?"

मी खाली पडलेला बोंबील उचलला, धुतला आणि दुसरा शोधायला लागलो.